परत फिरणाऱ्याने कप धुवायचे

आमच्या ह्यांच्या विमान क्लबात एक भिंत आहे, आणि तिच्यावर वाकडे पंखे ठोकलेले आहेत. छताचे नव्हेत, विमानाच्या नाकावर फिरतो तो पंखा. डोंगरातल्या कुठल्या तरी गवताच्या पट्टीवर उतरताना विमान आपटलं की सगळ्यात आधी वाकतो तो पंखा, आणि आमच्या शहाण्यांनी अशी रीत पाडली आहे की तो भंगारात द्यायचा नाही. तो घासायचा, चकचकीत करायचा, भिंतीवर लावायचा आणि खाली पितळेची पट्टी ठोकायची. कोणी आपटलं, कुठे आपटलं आणि कशामुळे आपटलं, हे त्या पट्टीवर कोरायचं.

कशामुळे, तर वाऱ्यामुळे. भिंतभर पंखे आहेत आणि सगळे वाऱ्याने वाकवलेले आहेत. एकच पंखा वाळूमुळे वाकला, तो आमच्या ह्यांचा, पहिला. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण ज्याने केली त्याने आमचा क्लब नक्की पाहिला असणार.

हे दाताचे डॉक्टर आहेत आणि चांगले डॉक्टर आहेत. उगाच खोटं कशाला बोलू? दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर मीच बसते, म्हणून मला माहीत आहे. साध्या दाढेचा दोनदा एक्स-रे काढतात. पेशंट म्हणतो, डॉक्टर, उपटून टाका एकदाची. हे म्हणतात, “घाई करायची नाही. दात परत उगवत नाही.” हे वाक्य मी इतकं ऐकलंय की झोपेतही म्हणेन. आणि हाच माणूस सुट्टीच्या दिवशी जाड चाकांच्या त्या दोन माणसांच्या विमानात बसला की त्याच्या अंगात कोण शिरतं कळत नाही. लायसन्स काढलं तेव्हा पन्नाशी उलटली होती. हौसेला मोल नाही म्हणतात. नसेल, पण अक्कल लागते.

क्लबाची दुसरी रीत कपांची आहे. डोंगरातल्या पट्टीवर उतरायला आलेला माणूस, वेग जास्त झाला, वारा बरोबर वाटला नाही, मन धजलं नाही, तर न उतरता पुन्हा वर जातो. यात काही वावगं नाही. अपघात टाळायचा तोच तर एक मार्ग आहे, असं त्यांना शिकवणारे मास्तर पहिल्याच दिवशी सांगतात. पण क्लबात अशा माणसाने त्या दिवशी सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे असतात. बाकीचे खुर्च्या टाकून बसतात आणि “साबण जरा कमी पडतोय” वगैरे म्हणत राहतात. म्हणजे शहाणपणाने परत फिरला त्याला टोमणे, आणि आपटला त्याला जेवण, भाषण आणि पितळेची पट्टी. सगळ्यात जास्त कप मास्तरांनी धुतले आहेत. भिंतीवर त्यांचा एकही पंखा नाही, आणि म्हणून क्लबाच्या कमिटीत त्यांना कोणी घेत नाही.

आमच्या ह्यांनी घरात लग्नापासून एक कप धुतलेला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

डोंगरात एक पट्टी आहे, तिला हे लोक ‘जीभ’ म्हणतात. दरीतून डोंगराच्या अंगावर वर चढत गेलेली हिरवी जीभ, टोकाला दगडांची रास. उतरायचं ते वर चढत, उडायचं ते खाली उतरत. सुरुवातीला एक पांढरा खडक आहे. खडकाच्या अलीकडे मन बदललं तर दरीत वळून परत जाता येतं. खडक ओलांडला की समोर डोंगर, मग उतरण्यावाचून गत्यंतर नाही. आणि ऊन तापलं की दरीतून वर वारा सुटतो, उतरणाऱ्याच्या पाठीत. तो रोज सुटतो. म्हणून क्लबाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘जिभेवर जायचं तर वारा उठायच्या आत.’ लिहिलंय पंखे वाकवणाऱ्यांनीच.

त्या दिवशी हे मला पहिल्यांदा जिभेवर नेणार होते. मी पहाटे उठून तयार. हे विमानाच्या शेपटीशी. शेपटीवर ते जिथे जिथे उतरले त्या पट्ट्यांची चित्रं चिकटवलेली असतात. जिभेचं चित्र नुकतंच छापून आलं होतं, ते ह्यांना निघण्याआधीच चिकटवायचं होतं.

“अहो, उतरून आल्यावर चिकटवा की,” मी म्हटलं.

“अगं, वर सगळे फोटो काढणार. फोटोत दिसायला नको?”

चित्राखाली हवेचे बुडबुडे राहिले. ते काढायला ह्यांनी खिशातून दवाखान्यातली चपटी पट्टी काढली, दातात सिमेंट भरायची, आणि एकेक बुडबुडा कडेला सारत बसले. काय ती एकाग्रता! ऊन वर आलं, हँगरचं पत्र्याचं छप्पर तडतडायला लागलं. मास्तर जाता जाता थांबले आणि म्हणाले, “डॉक्टर, आज जीभ राहू द्या.” हे म्हणाले, “निघालोच.” आणि आणखी एक बुडबुडा काढला.

उडाल्यावर ह्यांनी मला एक काम दिलं. समोर वेगाचा काटा असतो. “मी बाहेर बघणार, तू काटा वाच. साठवर आणायचाय. त्याच्या वर असला तर ओरड.” मला बरं वाटलं. नुसतं ओझ्यासारखं बसण्यापेक्षा बरं.

तर मी वाचत होते. जीभ समोर दिसायला लागली तेव्हा काटा ऐंशीवर होता. मी म्हटलं, “ऐंशी.” हे म्हणाले, “हो हो.” वर कडेला क्लबातली मंडळी आधीच येऊन खुर्च्या टाकून बसली होती. त्यांच्या हातातले कपसुद्धा मला दिसले. वाऱ्याची पिशवी काठीवर ताठ झाली होती आणि तिचं शेपूट डोंगराकडे होतं, म्हणजे वारा आमच्या पाठीत. तेवढं मलाही कळतं, दारावर चित्र काढून ठेवलंय. मी ओरडले, “ऐंशी! अहो, ऐंशी!” पांढरा खडक अजून पुढे होता.

हे म्हणाले, “असू दे. बसेल खाली.” ज्या आवाजात पेशंटला “जरासं दुखेल” म्हणतात, अगदी त्याच आवाजात.

खडक खालून गेला. विमान काही खाली बसेना. गवतावरून तरंगत चाललं, अर्धी जीभ संपली तरी चाकं हवेतच. मग टेकली, उडाली, पुन्हा टेकली. ह्यांनी ब्रेक दाबले, शेपूट डगमगलं, आणि दगडांच्या रासेत नाक खुपसून आम्ही थांबलो. माझा खांदा दाराच्या लोखंडावर आदळला. हासळीचं हाड मोडलं, ते मला आवाजानेच कळलं.

ह्यांना साधं खरचटलंही नाही. हे उतरले, आधी पुढे गेले, पंख्याकडे पाहिलं. मग क्लबातला चष्म्याच्या दुकानाचा मालक, ज्याला सगळे भिंगवाला म्हणतात, तो धावत आला होता, त्याला विचारलं, “फोटो मिळाला का रे?” आणि मग माझ्याकडे आले. तेव्हा मला रडू फुटलं. लोक म्हणाले, हाड दुखत असेल. हाड दुखतच होतं, पण रडू त्याचं नव्हतं.

नंतरचे आठवडे मी गळ्यात हात बांधून काढले आणि ती गोष्ट वाढताना पाहिली. पहिल्या दिवशी नुसता वारा होता. मग तो अचानक फिरलेला वारा झाला. मग विमान वरून दाबणारा वारा. शेवटी असा वारा झाला की त्यातून दुसरा कोणी असता तर दरीतच गेला असता, पण ह्यांनी हाताच्या कौशल्याने नाक वर ठेवलं. दवाखान्यात खुर्चीवर तोंड उघडून पडलेल्या पेशंटांना ही गोष्ट पूर्ण ऐकावी लागली. तोंडात कापूस असलेला माणूस काय विरोध करणार? आणि प्रत्येक वेळी शेवटी माझ्याकडे वळून विचारायचे, “हो की नाही गं?” मी मान हलवायची. आपलेच दात, आपलेच ओठ. पडलो तरी नाक वर, हा ह्यांचा स्वभाव मला काही नवा नव्हता. माझं हाड जुळत होतं, विमान दुरुस्तीला गेलं होतं, बोलून काय उपयोग, असं मला वाटत होतं.

मग विमान दुरुस्त होऊन आलं आणि लेक सुट्टीला घरी आली.

आमची एकुलती एक लेक, बाबांची लाडकी. शिकायला दूर असते. फोनवर तिने गोष्टीची प्रत्येक आवृत्ती ऐकलेली. घरी आल्याआल्या तिने मला हळूच मिठी मारली, खांदा सांभाळून, आणि पाठोपाठ बॅगेतून नवं जाकीट काढून दाखवलं. आत लोकर, बाहेर भरपूर खिसे. “बाबा पुढच्या रविवारी मला जिभेवर नेणार आहे!”

माझ्या हातातली बशी तशीच राहिली.

“जिभेवर नको,” मी म्हटलं. “दुसरीकडे कुठे जा.”

“का गं? परत तसा वारा थोडाच येणार आहे?”

“तो रोजच येतो. आणि वाऱ्याने काही झालेलं नाही. काटा ऐंशीवर होता. साठला उतरायचं असतं.”

लेकीने बापाकडे पाहिलं. बाप हसला. काही चिडला बिडला नाही, चिडला असता तर बरं झालं असतं. “अगं, तुझ्या आईने भीतीने डोळे गच्च मिटले होते. तिला काय दिसणार? आणि दिसलं असेल तर दुप्पट दिसलं असेल.” लेकही हसली. “आई, तू पाळण्यात बसतानासुद्धा डोळे मिटतेस!” हे खरंच आहे, मी पाळण्यात डोळे मिटते. मी दोनदा तीनदा सांगून पाहिलं. माझ्या बोलण्याला तेवढीच किंमत आली जेवढी भित्र्या बाईच्या बोलण्याला येते.

त्या रात्री हे शांत झोपले. मी पडल्या पडल्या एकच चित्र पाहत होते. माझ्या जागेवर लेक बसली आहे, तिच्या बाजूचं दाराचं लोखंड, आणि तिच्या शेजारचा माणूस म्हणतोय, असू दे, बसेल खाली. ती काटासुद्धा वाचणार नव्हती. तिचा बापावर विश्वास होता.

आता क्लबाची तिसरी रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पंखा लावायच्या दिवशी जेवण असतं. जेवणानंतर आपटलेल्या माणसाने उभं राहून गोष्ट सांगायची. शेजारी कोणी बसलेलं असेल तर शेवटी त्याने ‘हो’ म्हणायचं. मग पट्टी ठोकायची. ही नुसती गंमत नाही. पट्टीवर ‘वारा’ असेल तर माणूस दुसऱ्या दिवसापासून मोकळा, कोणालाही घेऊन कुठेही जा. आणि पट्टीवर ‘वैमानिक’ असेल तर पुढचा संपूर्ण मोसम मास्तरांना शेजारी बसवून उडायचं, दुसऱ्या कोणाला विमानात घ्यायचं नाही. हा नियम क्लबाच्या पहिल्या अध्यक्षांनी केला, ते बिचारे गंभीर माणूस होते. तेव्हापासून ‘वैमानिक’ असं कोरलेली एकही पट्टी बनलेली नाही. आज मी तुझ्या वाऱ्याला हो म्हणतो, उद्या तू माझ्या वाऱ्याला म्हण. अळीमिळी गुपचिळी.

ह्यांच्या पंख्याचा समारंभ रविवारी दुपारी होता, आणि लेकीला न्यायचं ते पुढच्या रविवारी.

क्लब म्हणजे हँगरला लागून एक लांब खोली. एका टोकाला भिंत आणि पंखे, दुसऱ्या टोकाला गॅस, नळ आणि मोरी. मधे जोडलेली टेबलं. अध्यक्षांचा इमारतींच्या बांधकामाचा धंदा, स्वतःचे तीन पंखे भिंतीवर. भिंगवाल्याचं चष्म्याचं दुकान आहे, तिथे चष्म्याच्या डब्यांवर नावं कोरायचं मशीन आहे, म्हणून पट्ट्यांचं काम त्याच्याकडे. त्या दिवशी मी लवकर पोचले आणि खिडकीत ठेवलेली पट्टी पाहिली. ह्यांचं नाव, ‘जीभ’, आणि खाली ‘वारा’. कोरून तयार! अजून गोष्ट सांगायची होती, माझा हो यायचा होता.

“भाऊजी, आधीच कोरली?” मी विचारलं.

“वहिनी, आम्ही ‘वारा’वाल्या पट्ट्या डझनाने करून ठेवतो. नुसतं नाव टाकायचं राहतं.” आणि मोठ्याने हसला.

जेवण झालं. चहा झाला. टेबलावर उष्ट्या कपांची रांग लागली. हे उठले. नवा शर्ट, चेहऱ्यावर तेज. दात काढताना कधी आलं नाही ते तेज. लेक माझ्या शेजारी, अंगात ते जाकीट, खोलीत उकडत असूनही.

गोष्ट सुरू झाली.

“तर मंडळी, सकाळी वेळेत निघालो.” ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हो की नाही गं?”

मी गप्प. त्यांनी ते हो धरलं आणि पुढे गेले. बोलणाऱ्याला वाटच पाहायची नसते.

“हवा स्वच्छ. जीभ समोर. मी काट्यावर काटा धरून, साठवर. एक इकडे नाही, एक तिकडे नाही. हिला तर काही कळतच नव्हतं, हिने डोळे मिटलेले. आणि खडक ओलांडला मात्र, एकदम वारा फिरला! पाठीत धक्का! असा, असा.” हाताने विमान दाखवलं. भिंगवाला म्हणाला, “बाप रे.” भिंगवाला त्या वेळी तिथेच उभा होता, हातात कप घेऊन. त्याने पिशवी ताठ झालेली पाहिली होती. तरी म्हणाला, बाप रे.

“दुसरं कोणी असतं तर...” हे थांबले. पुढचं लोकांनी म्हणायचं असतं. लोकांनी म्हटलं.

“तर वारा. हो की नाही गं?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षांनी हातोडी उचललीसुद्धा.  मी जाकिटाच्या बाहीकडे पाहिलं, तिच्यावर दुकानाचं लेबल अजून लटकत होतं.

“नाही,” मी म्हटलं.

कोणाला ऐकूच आलं नाही. म्हणजे ऐकू आलं, पण असं काही तिथे म्हणत नाहीत, त्यामुळे कानांनी ते घेतलं नाही. अध्यक्ष म्हणाले, “काय म्हणालात वहिनी?”

“नाही म्हणाले. वारा आधीपासून होता. पिशवी ताठ होती. आम्ही उशिरा निघालो, कारण हे शेपटीवर चित्र चिकटवत होते. आणि काटा साठवर नव्हता, ऐंशीवर होता.”

ह्यांनी हसून हात उडवला. “अहो, सांगितलं ना, हिचे डोळे मिटलेले.”

“मग काटा कोणी वाचला?” मी विचारलं. “तुम्हीच सांगितलं होतं ना, तू काटा वाच, साठच्या वर असला तर ओरड? मी खडकाच्या अलीकडे ओरडले. दोनदा. तुम्ही काय म्हणालात ते सांगू?”

 ह्यांचा हात अजून विमानासारखा हवेत होता. तो त्यांनी खाली घेतला.

“वहिनी, घरच्या गोष्टी घरी...” अध्यक्ष म्हणाले.

“घरी सांगून झालं. घरी माझं हसं झालं. इथे माझा हो लागतो, म्हणून इथे सांगते. माझं हाड गेलं, जुळलं, त्याचं मी बोलत नाही. पुढच्या रविवारी माझ्या जागेवर ही बसणार आहे.” माझा आवाज फाटला, तो मला सावरता आला नाही. “तुमच्या सगळ्यांच्या भिंतीवर वारा आहे. लावा. पण माझ्या लेकीला त्या भिंतीखाली मी पाठवणार नाही.”

भिंगवाला खिडकीतल्या पट्टीकडे पाहत होता. कोपऱ्यात मास्तरांनी आपला कप खाली ठेवला.

लेक उठली. मला वाटलं, माझ्यावर चिडून बाहेर जाणार. ती बापासमोर जाऊन उभी राहिली. “बाबा, साठ की ऐंशी?”

“अगं, त्या वेळी इतकं...”

“आकडा सांग.”

दात दुखतोय का, असं विचारल्यावर लहान मुलं जसं जमिनीकडे बघतात तसं हे बघत होते. “असेल ऐंशी,” म्हणाले.

“आणि आईने सांगितलं होतं?”

“हो.”

“खडकाच्या अलीकडे?”

ह्यांनी मान हलवली.

“मग परत का नाही फिरलास?”

आता ह्यांनी वर पाहिलं, मंडळींकडे, आणि चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू आणायचा प्रयत्न केला. “कप धुवायला लागले असते ना!”

यावर हशा पिकायला हवा होता. या खोलीत याहून फालतू विनोदांवर पिकलाय. पण कोणी हसलं नाही.  कारण ते खरं होतं, आणि म्हटल्यावर ते किती खरं आहे हे ह्यांनाही कळलं. ह्यांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, काढायचं कसं ते माहीत नसल्यासारखं. कप धुवायला लागू नयेत म्हणून शिकल्यासवरल्या माणसाने बायकोसकट विमान दगडांत घातलं होतं, आणि आम्ही त्याचं जेवण जेवून बसलो होतो.

लेकीने जाकीट काढलं. घडी केली, लेबल वरच्या बाजूला येईल अशी, आणि माझ्या मांडीवर ठेवलं. “मी नाही येत रविवारी,” ती म्हणाली.

“वारा नसेल तेव्हा...” हे म्हणाले.

“मास्तर शेजारी बसून जितके दिवस म्हणतील तितके दिवस. मग बघू.”

अध्यक्षांनी हातोडी टेबलावर ठेवली. पट्टीचं काय करायचं, ते त्यांना सुचेना. दुसऱ्या शब्दाची पट्टी क्लबात नव्हतीच. शेवटी भिंगवाला पुटपुटला, “नवीन कोरावी लागेल,” आणि खिडकीतली पट्टी त्याने खिशात टाकली. पंखा भिंतीवर गेला तो तसाच, खाली काही न लिहिता.

लोक उठायला लागले. कोणी माझ्याकडे पाहीना. बायका मात्र पाहत होत्या. अध्यक्षांच्या बायकोने जाता जाता माझा चांगला खांदा दाबला. तिच्या नवऱ्याच्या तीनपैकी दोन पंख्यांच्या वेळी ती शेजारी बसली होती, हे मला माहीत होतं.

मी टेबलावरचे कप गोळा करायला हात घातला. सवयीने.

“राहू दे,” हे म्हणाले.

त्यांनी ट्रे उचलला आणि मोरीकडे गेले. बाह्या वर केल्या, अगदी दवाखान्यात करतात तशा, कोपरापर्यंत. साबण कुठे आहे ते त्यांना सापडेना. मास्तरांनी हात लांब करून दाखवला. परत फिरलेल्या माणसाला करतात तसली एकही टिंगल कोणी केली नाही. लेक फडकं घेऊन शेजारी उभी राहिली, पुसायला.  मी टेबलाशी बसून पाहत होते, मांडीवर ते जाकीट.

चौथा की पाचवा कप ह्यांच्या हातून निसटला आणि मोरीत फुटला.

“कपच ओला...” हे म्हणाले. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. पुढचा शब्द ह्यांच्या तोंडात होता, तो त्यांनी गिळला. नळ बंद केला.

“माझ्या हातून फुटला,” ते म्हणाले.

लेकीने तुकडे उचलले.  एवढं एक वाक्य ह्या माणसाच्या तोंडून निघायला दोन पंखे आणि माझं एक हाड लागलं होतं, आणि अजून अर्धा ट्रे धुवायचा बाकी होता.